शंभर दिवसांचा एक तास

लोअर हट
३० ऑगस्ट २०२५

आशामावशी,

पत्र कोणाचं हे शोधायला तुम्हाला शेवटचं पान उलटावं लागू नये म्हणून आधी ओळख देतो. मी संग्राम. फलटणची तुमची मावसबहीण शकु, तिचा धाकटा मुलगा. आपली भेट एकदाच झाली, प्रमोददादाच्या लग्नात. अकरावी सोडून बेकरीत कामाला लागलो म्हणून सगळे मला रागावत होते, तेव्हा तुम्ही एकट्याच म्हणालात, "पाव तरी नीट भाजतो का?" मे महिन्यापासून मी इथे लोअर हटला एका बेकरीत आहे. तुम्हीही आता ऑकलंडला मुलाकडे असता, असं आईकडून कळलं. तुम्हाला फोनवर नीट ऐकू येत नाही हेही तिनेच सांगितलं, म्हणून पत्र.

काम असं आहे. मी ज्यांच्या घरी खोली घेऊन राहतो ते ब्याऐंशी वर्षांचे रशियन गृहस्थ आहेत. नाव वेनियामिन अर्काद्येविच. तिकडे एका लहान गावात ते भूगोलाचे शिक्षक होते. इथे मागच्या अंगणात त्यांनी झडपांची एक पांढरी पेटी खांबावर बसवली आहे. आत दोन तापमापकं आहेत. रोज सकाळी नऊला ते पेटी उघडतात, आकडे वहीत लिहितात, शिवाय कोणतं झाड फुललं, कोणता पक्षी बोलला तेही लिहितात. तिकडची चौतीस वर्षं आणि इथली एकोणीस. रशियातल्या एकतीस वह्या कपाटात ओळीने लावलेल्या आहेत.

अकरा ऑगस्टला त्यांना झटका आला. उजवा हात गेला आणि इंग्रजी पूर्ण गेलं. आता फक्त रशियन बोलतात, तेही जड जिभेने. फोनमधल्या भाषांतराला ते कळत नाही. त्यांना आता रेस्ट होममध्ये, म्हणजे आजारी म्हाताऱ्यांच्या निवासात ठेवलंय. तिथे दर पंधरा दिवसांनी फोनवर एक दुभाषी येतात, त्या औषधांपुरतं विचारतात. त्यांची मुलगी लिदा पर्थला असते, पण तिच्याजवळ वह्यांचा विषय काढायची सोय नाही. "माझ्या आईच्या वाट्याला उरलेले तास आले," असं ती मला म्हणाली.

अँब्युलन्समध्ये चढवताना त्यांनी डाव्या हाताने माझी बाही धरली आणि पेटीकडे बोट दाखवलं. तेव्हापासून रोज नऊला मी वाचतो. एकही दिवस चुकलेला नाही. हे त्यांना कसं सांगू?

तुम्ही पुण्यात तीस वर्षं रशियन शिकवलं, असं आई म्हणते. दोन-तीन वाक्यं देवनागरीत लिहून पाठवाल का? मी पाठ करून म्हणेन. त्रासाबद्दल माफी मागतो.

तुमचा,
संग्राम

•

माउंट वेलिंग्टन
९ सप्टेंबर

चि. संग्राम,

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा मजकुरासाठी, दुसऱ्यांदा अक्षरासाठी, आणि तिसऱ्यांदा घरात दुसरं काही मराठी वाचायला नव्हतं म्हणून. अकरावी सोडलेल्या मुलाच्या चार पानांत एक चूक सापडली नाही. माझे एम. ए.चे विद्यार्थी आठवून हसू आलं.

पहिला धडा. त्यांना 'मिस्टर' अमुक म्हणू नकोस. नाव आणि वडलांचं नाव, दोन्ही पूर्ण म्हणायचं, रोज, दारातूनच. रशियन माणसाला तेवढ्याने अर्धं बरं वाटतं.

वाक्यं घे:

'या चितायू काझ्दी द्येन्य.' मी रोज वाचतो.
'दोमा व्स्यो व पर्याद्क्ये.' घरी सगळं व्यवस्थित आहे.

'द्येन्य'मधला शेवटचा 'य' गिळायचा, म्हणायचा नाही. ते जे बोलतील ते कानाला लागेल तसं लिहून पाठव. कळलं नाही तरी लिही. मी लावते.

इथे माझं बरं चाललंय. अनिरुद्ध सकाळी ईस्ट टामाकीला त्याच्या गोदामात जातो, नीता फार्मसीत. नातू आरव मराठी सगळं समजतो आणि उत्तर इंग्रजीत देतो. काल म्हटलं, "ये रे, पत्ते खेळू." तर म्हणे, "आजी, आय हॅव हीप्स टू डू." मग मी मॉलमध्ये दोन फेऱ्या मारून आले. मॉलला हवामान नसतं, हे एक बरं आहे.

रशियन तोंडात आलं त्याला नऊ वर्षं झाली होती. तुझ्यामुळे आलं.

आशामावशी

•

लोअर हट
५ ऑक्टोबर

आशामावशी,

पत्र पोचलं. इथे पोस्टमन आता आठवड्यातून मोजकेच दिवस येतो, म्हणून उशीर.

मी दारातूनच पूर्ण नाव घेतलं. त्यांनी मान वळवली. पहिलं वाक्य म्हटल्यावर त्यांचा डावा डोळा भरला, उजवा तसाच राहिला. मैत्रेयी नावाच्या नागपूरच्या नर्स आहेत तिथे. त्या दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "काय जादू केलीस रे? दीड महिना झाला, माझ्याकडे तर असे बघतात जसं काही मीच त्यांचं इंग्रजी चोरलं." आता मी गेलो की विचारतात, "आज कोणता मंत्र?"

ते जे बोलले ते मी वेगळ्या कागदावर लिहून जोडलं आहे. जिथे खात्री नव्हती तिथे खाली टिंब दिलं आहे. टिंबं पुष्कळ आहेत, त्याबद्दल माफ करा.

तुम्हाला लागतील का बघा, म्हणून जुन्या वह्यांतली नऊ पानंही उतरवून पाठवतो. अक्षरं कळत नाहीत, पण हुबेहूब काढली आहेत. फोटो काढता आला असता, पण पेन्सिल पुसट झाली आहे, फोटोत उठत नाही.

नोंदी व्यवस्थित चालू आहेत. कोव्हाईला पिवळी फुलं सतरा सप्टेंबरला आली. हिरव्या पाठीची लहान कोकिळा, तिला इथे पीपीव्हारौरोआ म्हणतात, एकोणतीसला पहिल्यांदा बोलली. अठ्ठावीस तारखेला इथली घड्याळं एक तास पुढे करतात. मला हे माहीत नव्हतं. आमचा टोंगन फोरमन सगळ्यांना बजावत होता, "एकही घड्याळ विसरू नका, नाहीतर सोमवारी तुमच्याशिवाय पाव जळतील." मी घरातली सगळी पुढे केली. मायक्रोवेव्ह, त्यांच्या गाडीतलं, स्वयंपाकघरातलं भिंतीवरचं. ते जुनं आहे, काटा बोटाने फिरवावा लागतो, तेही केलं.

दुपारी बाराला शिफ्ट असते. त्याआधी वेळ असतो, पण बोलायला कोणी नसतं. म्हणून पत्र लांबलं.

तुमचा,
संग्राम

•

माउंट वेलिंग्टन
२० ऑक्टोबर

चि. संग्राम,

तुझ्या टिंबांसकट बहुतेक सगळं लागलं. त्या दिवशी ते तुला तीनच गोष्टी विचारत होते: पेटीचं दार नीट बंद होतं ना, पावसाच्या नळकांड्यात कोळी शिरला नाही ना, आणि तू जेवतोस का. क्रम त्यांचा, माझा नाही.

आता वह्यांबद्दल. चार दिवस जेवणाचं टेबल अडवून बसले आहे. नीता म्हणाली, "आई, परीक्षा आहे का?" म्हटलं, हो.

तुझ्या घरमालकाला तेविसाव्या वर्षी उंझा नावाच्या नदीकाठच्या एका गावी नेमलं. शाळेत नकाशा नव्हता. म्हणून ते मुलांना नदीवर न्यायचे. हिवाळ्यात नदी गोठते. बर्फात एक काठी रोवायची. वसंतात ज्या दिवशी काठी हलेल त्या दिवशी बर्फ फुटला असं धरायचं आणि तारीख लिहायची. पहिल्या वर्षी तो धडा होता. पाचव्या वर्षी सवय झाली. मुलं मोठी होऊन गेली आणि शिक्षक काठी रोवत राहिले.

एक गोष्ट तुला सांगायलाच हवी. एका वर्षी जिल्ह्याच्या वर्तमानपत्राला एक मेच्या सणाला बातमी हवी होती: नदीनेही आज बेड्या तोडल्या, असं काहीतरी. बर्फ तीस एप्रिललाच फुटला होता. संपादक म्हणाले, "एका दिवसाने काय बिघडतं, वेनियामिन अर्काद्येविच?" यांनी तारीख बदलली नाही, उलट फळ्यावर मोठ्या आकड्यात लिहून ठेवली. पुढच्या सत्रात शाळेतून नाव कमी झालं. मग ते जवळच्या राखीव जंगलात कामगार म्हणून लागले. तिथे झाडं मोजली, पक्ष्यांच्या येण्याच्या तारखा लिहिल्या, आणि नदीची काठी चालूच. सत्तावन्नाव्या वर्षी उसना कोट घालून शहरात गेले आणि शास्त्रज्ञांसमोर दहा मिनिटं बोलले: बर्फ आता अकरा दिवस आधी फुटतो. कोणी टाळी वाजवली नाही, असं लिहिलंय. नंतर एका म्हाताऱ्या शास्त्रज्ञाने जिन्यात थांबवून विचारलं, "सगळ्या वर्षी काठी त्याच जागी होती?" हे म्हणाले, "त्याच." त्याने यांच्याशी हात मिळवला. पुढे त्या तारखा हवामानाच्या संशोधनात वापरल्या गेल्या.

त्या एका प्रश्नावर या माणसाचं आयुष्य उभं आहे, बघ.

आशामावशी

•

लोअर हट
२३ नोव्हेंबर

आशामावशी,

काठीची गोष्ट वाचल्यापासून मी पेटीसमोर जास्त सरळ उभा राहतो.

एक बातमी. वेलिंग्टनच्या एका संशोधन संस्थेतून बाई आल्या होत्या. इथल्या एकोणीस वर्षांच्या नोंदी त्यांना आपल्या संग्रहात घ्यायच्या आहेत. वेनियामिन अर्काद्येविचनी जुलैमध्येच त्यांना लिहिलं होतं. मार्चमध्ये वह्या न्यायला येतील. मी चालू वहीतले माझे आकडे दाखवले तर म्हणाल्या, "ब्रिलियंट, तुम्ही ट्रेन्ड आहात का?" मी म्हटलं, नाही, बेकर आहे.

हे मी तुमच्या शब्दांनी त्यांना सांगायचा प्रयत्न केला. 'मार्च' शब्द रशियनमध्येही जवळचाच निघाला. त्यांनी पाच बोटं दोनदा उघडून मिटली. मी विचार केला, तोपर्यंत किती दिवस उरलेत ते मोजत असतील.

चालू वहीच्या पुठ्ठ्याच्या आत एक कागद डकवलेला आहे. त्यावर सात ओळी आहेत. त्या उतरवून पाठवतो. घाई नाही.

मी एक शब्दांची वही केली आहे. तुमच्या पत्रात आलेला प्रत्येक रशियन शब्द, त्याचा अर्थ आणि पत्राची तारीख. आतापर्यंत बासष्ट झाले.

कालपासून पोहुतुकावाला लाल कळ्या दिसतात. बेकरीत सगळे ख्रिसमसला कुठे जाणार ते बोलतात. मला विचारलं की मी म्हणतो, घरीच, वाचायचं असतं. त्यांना वाटतं, मी परीक्षेला बसलोय.

तुमचा,
संग्राम

•

माउंट वेलिंग्टन
१२ डिसेंबर

चि. संग्राम,

आधी माझ्या मनातलं. अनिरुद्धच्या ईस्ट टामाकीच्या गोदामात एप्रिलपासून एक जागा रिकामी होतेय. मालाच्या नोंदी ठेवायचं काम. तुझं अक्षर मी त्याला दाखवलं. व्हिसाचं तो बघेल. आमच्या घरामागे एक खोली आहे. मार्चमध्ये वह्या गेल्या की तुला तिथे धरून ठेवणारं काही नाही. इथे मराठी बोलायला मी आहे. विचार कर. म्हणजे, ये.

पुठ्ठ्यावरच्या ओळी म्हणजे घरचे नियम आहेत. पेटीचं दार दक्षिणेला असावं. गवत कापून ठेवावं. वाचताना श्वास तापमापकावर सोडू नये. चुकलेला दिवस अंदाजाने भरू नये. पेन्सिलच वापरावी, शाई ओली होते. सहावी ओळ गमतीची आहे: 'चिसी ना कूख्न्ये न्ये त्रोगत्य.' स्वयंपाकघरातल्या घड्याळाला हात लावू नये. ते वर्षभर हिवाळ्याच्या वेळेवर राहील. सूर्य सप्टेंबरमध्ये पुढे उडी मारत नाही. सातवीत नुसती सही.

तुझ्या वहीसाठी: 'चास' म्हणजे तास, त्यावरूनच 'चिसी', घड्याळ.

खोलीला खिडकी पूर्वेला आहे.

आशामावशी

•

लोअर हट
६ जानेवारी २०२६

आशामावशी,

सुट्ट्यांमुळे तुमचं पत्र काल आलं. मी हे तिसऱ्यांदा लिहितोय, आधीचे दोन कागद फाडले.

सहावी ओळ गमतीची नाही. ते घड्याळ मी पुढे केलं. अठ्ठावीस सप्टेंबरला, बोटाने. तेव्हापासून मी ज्याला नऊ म्हणतो ते खरे आठ आहेत. अठ्ठावीस सप्टेंबर ते पाच जानेवारी. मी चार वेळा मोजले. शंभर दिवस. आठला हवा थंड असते, नऊला तापलेली. माझे सगळे आकडे खाली गेले असणार. एकोणीस वर्षं त्यांनी एकाच वेळी वाचलं, आणि मी काठी हलवली.

आजपासून फोनच्या दहाला, म्हणजे खऱ्या नऊला वाचतो. त्यांनी पाच बोटं दोनदा उघडली होती ती हेच दहा सांगायला असणार. पण ते शंभर तसेच आहेत. बाईंना सांगितलं तर त्या वह्या घेतील का, माहीत नाही. नाही सांगितलं तर कोणालाच कळणार नाही. आकडे स्वच्छ आहेत, अक्षर चांगलं आहे.

हे आधी वेनियामिन अर्काद्येविचना सांगायला हवं. बाईंना नंतर. त्यांच्या वह्या आहेत. मला एवढंच वाक्य हवंय: 'मी घड्याळ फिरवलं, शंभर दिवस एक तास आधी वाचलं, माफ करा.' सोपं करून लिहा, जीभ अडखळली तर पुन्हा म्हणायची हिंमत होणार नाही.

जेवण जात नाही. कृपा करून लवकर लिहा.

संग्राम

•

माउंट वेलिंग्टन
१४ जानेवारी

चि. संग्राम,

पत्र मिळताच लिहायला बसले. हे वाक्य घे, हळू म्हण, हसून म्हण:

'व्स्यो व पर्याद्क्ये. न्ये बिस्पकोयत्येस्.'

दोनदा म्हटलंस तरी चालेल. आणि मग जेव.

गोदामाचं काय ठरवलंस? अनिरुद्धला या महिनाअखेर उत्तर हवंय.

आशामावशी

•

लोअर हट
२४ जानेवारी

आशामावशी,

एकवीस तारखेला तुमचं पत्र आलं. मी बसमध्ये वाक्य पाठ केलं आणि सरळ त्यांच्याकडे गेलो. तुम्ही सांगितल्याप्रमाणे हळू म्हटलं. हसायला जमलं नाही. त्यांनी माझ्याकडे खूप वेळ पाहिलं, मग माझा हात दाबला. मैत्रेयीताईंनी सूप आणलं होतं, ते अर्धा वाडगा प्यायले. त्या म्हणाल्या, "आजचा मंत्र भारी होता. रोज हाच म्हण." मी घरी येताना रस्त्यात थांबून रडलो. मला वाटलं, सुटलो.

मग संध्याकाळी शब्दांची वही काढली. 'व्स्यो व पर्याद्क्ये.' हे शब्द त्यात आधीच होते. तारीख नऊ सप्टेंबर. अर्थ: सगळं व्यवस्थित आहे. 'न्ये बिस्पकोयत्येस्' कोशात शोधलं: काळजी करू नका. मग मी 'चास' शोधला. तो तुमच्या वाक्यात कुठेच नाही. माफीही नाही.

मी त्यांच्या तोंडावर खोटं बोललो, आणि माझ्या जिभेने. ते सूप प्यायले ते त्या खोट्यावर.

मावशी, तुम्ही मला रागावल्या असतात तर चाललं असतं. मला भाषा येत नाही म्हणून मी तुमच्याकडे आलो होतो. तुम्ही जे लिहाल ते मी म्हणणार, हे तुम्हाला माहीत होतं.

मला खरं वाक्य हवं आहे. नसेल द्यायचं तर तसं कळवा. मग मी घड्याळ काढून त्यांच्यासमोर नेईन आणि काटा फिरवून दाखवीन.

संग्राम

•

माउंट वेलिंग्टन
१ फेब्रुवारी

संग्राम,

पकडलंस. तीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याने मला पकडलं नव्हतं.

कारणं दोन. पहिलं सांगायला सोपं आहे. तुझे काका सुधाकर शेवटी दवाखान्यात होते, तेव्हा डॉक्टर बाहेर येऊन मला सांगून गेले आणि मी आत जाऊन त्यांना सगळं खरं सांगितलं. आमच्यात लपवाछपवी नव्हती, त्याचा मला अभिमान होता. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं आणि नऊ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. दहाव्या दिवशी गेले. तुझ्या त्या माणसानेही असं तोंड फिरवावं आणि ते तुझ्या वाट्याला यावं, हे मला नको होतं.

दुसरं कारण लिहिताना लाज वाटते. तू हे कबूल केलंस तर ते निस्तरायला तिथेच राहशील, असं मला वाटलं. खोलीत पडदे लावून झाले आहेत. इथे दिवसभर मी ज्या भाषेत विचार करते ती भाषा घरात पाच वाजेपर्यंत कोणी बोलत नाही, आणि पाचनंतरही फारशी नाही. मला कोणीतरी हवं होतं. म्हणून एका शिक्षकाला, ज्याने एका दिवसासाठी नोकरी गमावली, मी तुझ्या तोंडून फसवलं. मी स्वतःही शिक्षक.

हे खरं वाक्य. प्रत्येक शब्दाचा अर्थ खाली दिला आहे. कोशातून ताडून घे, माझ्यावर विश्वास ठेवू नकोस:

'या पिर्यिव्योल चिसी. स्तो द्न्येय या चिताल ना चास रान्शे. प्रस्तीत्ये.'

मी घड्याळ बदललं. शंभर दिवस मी एक तास आधी वाचलं. माफ करा.

आशामावशी

•

लोअर हट
१६ फेब्रुवारी

आशामावशी,

प्रत्येक शब्द ताडून घेतला. बरोबर होते.

दहा तारखेला सांगितलं. चालू वहीही नेली होती. पहिला आणि शंभरावा दिवस बोटाने दाखवला. त्यांनी ते पाहिलं. मग डोळे मिटले. मी तासभर बसलो, उघडले नाहीत. अकरा तारखेला गेलो तर तोंड भिंतीकडे. बारालाही तसंच. मैत्रेयीताई मला बाहेर घेऊन म्हणाल्या, "काय सांगितलंस रे त्यांना? कालपासून चमचा तोंडाला लावू देत नाहीत." मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "तू येत राहा. येणं बंद करू नको."

काकांच्या नऊ दिवसांची आठवण मला सारखी येत होती. पण मी नाव घेऊन नमस्कार करायचो आणि बसायचो.

तेराला त्यांनी आपणहून तोंड वळवलं. डाव्या हाताने वही मागितली. एकेक पान उलटायला लावलं, सगळे शंभर दिवस. मधे दोनदा झोपले. शेवटी बोलायला लागले. बोलणं आता फारच जड आहे, एकेका शब्दाला खूप वेळ लागला. मी तसंच लिहून घेतलं. रागावले असतील तर रागच असेल, पण कळायला हवं:

'चितात ... द्वा रा ... वोस .. इ द्येव .. त्सेल गो .. पातोम रा ..'

टिंबं त्यांनी घेतलेल्या श्वासांची आहेत. मी कोशात शोधलं, पण एवढ्या तुकड्यांतून मला काही लागत नाही.

इथे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाला डेअरी म्हणतात, तिच्यासमोरच्या पोस्टाच्या पेटीत हे पाकीट आज टाकतो.

संग्राम

(बुधवार, १८ फेब्रुवारी. सोमवारी डेअरी बंद होती, तिकीट मिळालं नाही, म्हणून पाकीट माझ्याकडेच राहिलं. आज पहाटे वेनियामिन अर्काद्येविच गेले. मैत्रेयीताईंचा फोन आला तेव्हा मी पेटीचं दार पुसत होतो. नऊला वाचून मग गेलो. वाचायला नको होतं का?)

•

माउंट वेलिंग्टन
२ मार्च

चि. संग्राम,

वाचायलाच हवं होतं. तेच हवं होतं.

त्यांचं बोलणं मी आठ दिवस लावत होते. तुझ्या त्या तुकड्यांवरून दुसऱ्या कुणाला काही लागलं नसतं. ते गेले, आता विचारायला कोणी नाही. मी त्या ओळीखाली काहीही लिहिलं असतं, 'माफ केलं, सुखी राहा' वगैरे, तर ते शेवटपर्यंत खरं राहिलं असतं. तू एप्रिलमध्ये आला असतास. हे सगळं माझ्या डोक्यात येऊन गेलं, तेही तुला माहीत असू दे.

ते म्हणाले:

"दोनदा वाच. आठला आणि नऊला. पूर्ण वर्ष. मग फरक ..."

शेवटचा शब्द 'राझ्नित्सा', फरक. पुढे त्यांचा श्वास पुरला नसावा, पण पुरा करायला शिक्षकच असावं लागतं असं नाही. आठ आणि नऊमधला फरक वर्षभर मोजला की तुझ्या त्या शंभर आकड्यांत किती मिळवायचं ते कळेल. म्हणजे ते तीन दिवस ते रागात भिंतीकडे बघत नव्हते. किंवा पहिले दोन बघत असतील. तिसऱ्या दिवशी हिशेब लावत होते.

माफीबद्दल त्यात काही नाही. मी शोधलं.

अनिरुद्धला मी सांगितलं, जागा दुसऱ्याला दे. तो म्हणाला, "आई, तूच तर महिनाभर मागे लागली होतीस." म्हटलं, हो, लागले होते. पडदे काढलेले नाहीत.

आशामावशी

•

लोअर हट
७ एप्रिल

आशामावशी,

तुमचं पत्र दहा मार्चला मिळालं. अकरा तारखेपासून दोनदा वाचतोय.

संशोधनाच्या बाई येऊन गेल्या. मी त्यांना शंभर दिवसांचं सांगितलं आणि तुमचं भाषांतर दाखवलं. त्यांनी ते उभ्यानेच दोनदा वाचलं. म्हणाल्या, एकोणीस वर्षांच्या वह्या आज नेते, ही चालू वही मात्र इथेच राहू द्या, वर्ष पूर्ण झालं की मला बोलवा. लिदा पर्थहून आली होती. मला वाटलं, घर लगेच विकेल. मी तिला पेटी हलवू नका एवढंच म्हटलं, एक वर्ष. ती अंगणात जाऊन पेटीसमोर बराच वेळ उभी होती. आत येऊन म्हणाली, "एक वर्ष. त्यापुढे एक दिवस नाही." मग विचारलं, ते शेवटी काय म्हणाले. मी सांगितलं. ती म्हणाली, "अर्थात," आणि हसली, आणि भांडी धुवायला लागली.

आता घरात मी एकटाच आहे. तुम्हाला खोटं लिहिणार नाही, बरं वाटत नाही. बेकरीतून आल्यावर मी दारातून त्यांचं पूर्ण नाव घेतो, सवयीने, आणि मग दिवा लावतो. मैत्रेयीताईंनी एका रविवारी जेवायला बोलावलं होतं. गेलो. काय बोलायचं ते सुचेना.

आठ आणि नऊच्या मधला तास अवघड जातो. घरात येऊन पुन्हा झोपलो तर नऊ चुकण्याची भीती. बाहेर गेलो तरी तेच. पहिले काही दिवस मी पायरीवर नुसता बसून राहायचो. मग असं ठरवलं की तो तास तुमचा. रोज थोडं लिहायचं. आठवड्याचं जमलं की पाठवायचं. इथपर्यंतचं सगळं त्याच तासात लिहिलंय, चार सकाळी मिळून.

आज आठला ९.६ होतं. ढग नाहीत, वारा उत्तरेचा. समोरच्या तारेवर एक तुई पक्षी येऊन बसलाय आणि खोकल्यासारखा आवाज काढतोय. शेजारच्या बाई कुत्रा घेऊन चालल्यात, त्यांनी कुंपणावरून "किया ओरा" म्हटलं, मीही म्हटलं. त्यांना विचारायचं होतं की

नऊ वाजले. जाऊन येतो.